एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींमधील चिंता

एचआयव्हीची लागण झालेल्या व्यक्तीत सततची धास्ती, छातीत धडधड, निद्रानाश, चिडचिड आणि आपल्या आजाराचा बोभाटा होईल ही भीती अशा लक्षणांनी प्रकट होणारी मानसिक अवस्था. निदानानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील घालमेल स्वाभाविक मानली जाते. ती महिनोन्‌महिने टिकून झोप, रोजगार आणि गोळ्यांच्या वेळा बिघडवू लागली, की तिची गणना चिंताविकारात होते.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथे झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एआरटी (एचआयव्हीला आवर घालणारी) औषधे मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून पांढऱ्या पेशींची संख्या (सीडी-४) कितीही असली तरी उपचार सुरू करण्याचे धोरण आले. त्यामुळे, साधारणपणे २००४ नंतरच्या दशकात, मृत्यूच्या भयाची जागा हळूहळू ओळख उघड होण्याच्या भयाने घेतली, असे दिसते.

चिंतेच्या मूळ कारणाविषयी मतभेद आहेत. विषाणू लागणीनंतर लवकरच मेंदूत पोचतो आणि तेथील दाह चिंतेला कारणीभूत होतो, असे एक मत आहे. दुसरे मत औषधांकडे, विशेषतः एफाविरेन्झकडे बोट दाखवते. या औषधाने चक्कर, भडक स्वप्ने, निद्रानाश आणि अस्वस्थता येते. स्निग्ध जेवणाबरोबर ते अधिक शोषले जात असल्याने रात्री, उपाशी पोटी घेण्याचा सल्ला दिला जाई. यकृतातील सीवायपी-२बी६ या विकराचे (एन्झाइमचे) मंद कार्य करणारे जनुकीय रूप ज्यांच्यात असते, त्यांच्या रक्तात एफाविरेन्झचे प्रमाण बरेच वाढते. एकाच मात्रेने एकाला काहीच होत नाही आणि दुसरा हैराण होतो, ते यामुळे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात एफाविरेन्झ घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार वा प्रयत्न सुमारे दुप्पट आढळले. मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत मात्र असा संबंध ठळकपणे दिसला नाही. भारतात साधारणपणे २०२० नंतर त्याची जागा डोल्युटेग्राविरने घेतली, तरी त्यानेही काहींची झोप उडते. औषध बदलूनही अनेकांची चिंता कायम राहते, हे लक्षात घेता सामाजिक कारणांना प्राधान्य देणारे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

सोलापुरात ही कारणे स्पष्ट दिसतात. यंत्रमाग आणि विडी या दोन्ही धंद्यांत मजुरी बहुतांशी नगावर मिळते. केंद्रावर गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, आणि वारंवारच्या खाड्याचे कारण मालकाला काय सांगावे हा प्रश्न वेगळाच. रातपाळीच्या कामगाराला झोप आणणारी रात्रीची गोळी अडचणीची ठरे. सिव्हिलच्या आवारात नातलग वा शेजारी भेटेल या भीतीने दूरच्या केंद्राला पसंती देणारेही असतात. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जात असल्याने समुपदेशन घरच्या भाषेत होणे येथे विशेष महत्त्वाचे आहे. पतीच्या आजारानंतर वा गरोदरपणातील तपासणीत निदान झालेल्या स्त्रियांवर सासरच्या दोषारोपाचे ओझेही पडते.

थकवा, भूक मंदावणे आणि वजन घटणे ही लक्षणे मूळ आजारातही आढळत असल्याने मोजमाप अवघड होते. म्हणून १९८३ मध्ये तयार झालेली, शारीरिक लक्षणे बहुतांशी वगळणारी रुग्णालयीन चिंता व नैराश्य मापनश्रेणी येथे अधिक विश्वसनीय ठरते.

समुपदेशन, बोधात्मक वर्तनोपचार (विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलणारा मानसोपचार) आणि गरजेनुसार सर्ट्रालिनसारखी औषधे हे प्रमुख उपाय होत. रक्तातील विषाणूंची संख्या नगण्य राखल्यास लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, ही माहितीही मोठा दिलासा देते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने भेदभावाला मनाई केली असून गोपनीयतेला संरक्षण दिले आहे. रिटोनाविर हे एचआयव्हीवरील औषध असलेले उपचार घेणाऱ्यांनी अल्प्राझोलामसारख्या चिंताशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे असते, कारण रिटोनाविरमुळे त्यांचा अंमल वाढतो व लांबतो.