आधी किसणी, मग चूल

नायजेरिया, घाना, बेनिन या देशांत गारी नाही असं स्वयंपाकघर विरळाच. कसावाचा कंद किसून, आंबवून, भाजून केलेला हा रवाळ पदार्थ. आपला साबुदाणाही याच कंदाचा, तमिळनाडूत सेलमच्या आसपास बनणारा. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आफ्रिकेत नेला आणि आज जगात सर्वांत जास्त कसावा पिकतो तो नायजेरियात.

हा कंद कच्चा खाऊ नये, कडू जातीचा तर मुळीच नाही. त्यात लिनामारिन नावाचं द्रव्य असतं. ते पेशीच्या आतल्या कप्प्यात, आणि त्याला फोडणारं विकर पेशीच्या भित्तिकेत. कंद अखंड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. उंदराने दात मारला की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. झाडाने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली ही तजवीज.

गारी करणाऱ्या बायका हीच तजवीज स्वतःच्या कामाला लावतात, आणि मला त्यांच्या बुद्धीचं फार कौतुक वाटतं. कंद बारीक किसला की विष ताटात येण्याआधीच सुटू लागतं. हायड्रोजन सायनाइड सुमारे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे तिथल्या उन्हात ते हवेत उडून जातं. याउलट कडू कंदाचे मोठे तुकडे थेट उकळायला टाकले, तर उष्णतेने विकर आधी निकामी होतं आणि बरंचसं लिनामारिन तसंच मागे राहतं.

पुढे कीस पोत्यात भरून वर वजन ठेवतात. दोन-तीन दिवसांत पाणी निथळतं आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कीस आंबवतात. विष जातं ते आंबवण्यामुळे, असं अनेकांना वाटतं. पण बहुतेक लिनामारिन किसल्यावर काही तासांतच फुटलेलं असतं. आंबण्यातून येते ती मुख्यतः चव. उलट, लिनामारिन फुटल्यावर आणि सायनाइड सुटण्याआधी मधल्या टप्प्यात जे सायनोहायड्रिन बनतं, ते आंबटपणामुळे लवकर फुटत नाही. ते काही निथळत्या पाण्याबरोबर जातं, उरलेलं भाजताना. पसरट कढईत ओलसर कीस सुक्या भोपळ्याच्या तुकड्याने सतत दाबत, हलवत राहतात. वाफेबरोबर विष निघून जातं आणि त्याच ओलाव्यात स्टार्च बऱ्यापैकी शिजतो.

म्हणून घरी काम फार थोडं राहतं. कडू कसावा आणून गारी करायच्या फंदात पडू नये, तयार गारी घ्यावी. एबा, म्हणजे गारीचा घट्ट गोळा, करायचा तर पाणी खळखळून उकळून खाली उतरवायचं, त्यात गारी भुरभुरायची, दोन मिनिटं झाकण ठेवायचं आणि लाकडी चमच्याने घोटायचं. उकडीसारखा गोळा होतो. पाणी कोमट असेल तर उरलेला कच्चा स्टार्च फुगत नाही आणि गोळा फुटतो. सोबत भेंडीचा किंवा एगुसीचा, म्हणजे कलिंगडाच्या भाईबंद फळाच्या मगजाचा रस्सा. उजव्या हाताने लहान गोळा तोडून अंगठ्याने खळगा करतात, त्यात रस्सा घेतात आणि न चावता गिळतात.

आणि उन्हाच्या दुपारी चूल पेटवावी लागत नाही. गारीवर गार पाणी, साखर आणि भाजलेले शेंगदाणे घालायचे, आणि गारी फुगून घट्ट होण्याआधी खाऊन टाकायचं.