राष्ट्रीय उद्यान की व्याघ्र प्रकल्प?

ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९९५ पासून व्याघ्र प्रकल्पही. अनेकांना वाटतं की जुनी पाटी उतरवून नवी लावली. तसं नाही, दोन्ही दर्जे आजही कायम आहेत. उद्यान जेमतेम ११६ चौरस किलोमीटरचं. त्याला अंधारी अभयारण्य जोडून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा झाला, आणि भोवती अकराशेचा बफर, म्हणजे गाभ्याला वेढणारा पट्टा.

राष्ट्रीय उद्यान हा वन्यजीव संरक्षण कायद्यातला सर्वांत कडक दर्जा. आत गुरं चारता येत नाहीत, जमिनीवर कुणाचा खासगी हक्क उरत नाही. त्यासाठी वाघ असलाच पाहिजे असंही नाही. गुजरातमधलं वेळावदर काळविटांचं आहे.

व्याघ्र प्रकल्पाचा जन्म वेगळा. १९७२ च्या गणनेत देशात अंदाजे १,८२७ वाघ निघाले आणि पुढच्या वर्षी केंद्राने योजना आखली. पहिले संचालक होते कैलास सांखला, मूळचे जोधपूरचे वनाधिकारी. गाभ्यात ना तोड, ना गुरं, माणसाची ढवळाढवळच नको, हा त्यांचा आग्रह. पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं, तसंच रणथंबोर. रणथंबोरचा क्रम गमतीचा आहे: व्याघ्र प्रकल्प १९७३ मध्ये, राष्ट्रीय उद्यान १९८० मध्ये. म्हणजे एक दर्जा ही दुसऱ्याची पायरी नव्हे.

इतकी वर्षं व्याघ्र प्रकल्पाला कायद्यात स्थानच नव्हतं. होती ती सरकारी योजना. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले सगळे वाघ संपल्याचं २००५ मध्ये उघड झालं, तेव्हा कुठे हालचाल झाली. २००६ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, गाभा आणि बफर या दोन्हींना कायद्याचा आधार मिळाला.

सांखलांचा वारसा म्हटलं की सगळे गाभ्याकडे बोट दाखवतात. माझ्या मते अवघड अर्धा भाग बफरचा आहे. तिथे गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत, आणि कायदा म्हणतो की हद्द ठरवताना ग्रामसभेशी बोला. गाभ्यात जन्मलेला तरुण वाघ स्वतःची हद्द शोधत निघतो तो याच शेतांतून. गाय मारली गेली तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पण पंचनामा वेळेत व्हायला हवा.

तेव्हा ताडोबाच्या बफरमधल्या आगरझरी किंवा जुनोना गेटने आत गेलात, तर तुम्ही व्याघ्र प्रकल्पात असता, राष्ट्रीय उद्यानात नाही.