पाणी कुठं तपासलं?

विद्यापीठात जागतिक विकासावरच्या विद्यार्थी-संशोधनाची परिषद भरते, तेव्हा सभागृहातल्या भाषणांपेक्षा बाहेरच्या पोस्टरांपाशी जास्त वेळ घालवावा, असं मला मनापासून वाटतं. वर्षभराचं काम एका पोस्टरवर असतं आणि ते करणारा विद्यार्थी शेजारीच उभा असतो. पोस्टर पिण्याच्या पाण्यावरचं असेल, तर माझा पहिला प्रश्न ठरलेला: पाणी कुठं तपासलं? उद्भवावर, म्हणजे झऱ्यावर-विहिरीवर, की घरातल्या भांड्यात?

या प्रश्नाचं महत्त्व पश्चिम केनियातल्या एका अभ्यासातून कळतं. तिथं झऱ्यांची तोंडं काँक्रीटनं बंदिस्त करून पाणी पाइपातून बाहेर काढलं, म्हणजे वाहून येणारी घाण त्यात मिसळत नाही. कोणता झरा आधी बांधायचा आणि कोणता नंतर, हे यादृच्छिक पद्धतीनं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना चोख झाली. 2019 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी मायकेल क्रेमर आणि त्यांचे सहकारी यांनी पाणी तपासलं. झऱ्यावर विष्ठेतून येणारं प्रदूषण 66 टक्क्यांनी घटलं होतं. घरातल्या पाण्यात मात्र सुधारणा बरीच कमी होती. लहान मुलांचे जुलाब साधारण पाव हिश्शानं कमी झाले, ही मोलाचीच गोष्ट. पण वाटेत हरवलेला फायदा गेला कुठं? भांडं नीट धुतलेलं नसतं, झाकण नसतं, कुणीतरी पेला धरलेला हात पाण्यात बुडवतं. तेवढं पुरतं.

क्लोरीनचं बळ इथं कामी येतं. जंतू मारून झाल्यावरही तो थोडा पाण्यात उरतो आणि नंतर शिरणाऱ्या जंतूंना रोखतो. म्हणून पाणवठ्याशेजारीच क्लोरीनची छोटी टाकी बसवतात. झडप फिरवली की डब्याला पुरेल एवढा मोजका डोस पडतो. घरी पोचेपर्यंत पाणी हिंदकळून तो मिसळतो आणि त्याला काम करायला वेळही मिळतो. घरात तो उरला आहे का, हे डीपीडी नावाच्या रसायनाची गोळी सांगते: क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं.

जंतूंसाठी विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली एक चाचणी भारतीय शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडली. रसायन लावलेला कागद घातलेली बाटली पाण्यानं भरून उबेला ठेवायची. दूषित पाण्यातले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याचा कागदावरल्या लोहाशी संयोग होतो आणि एक-दोन दिवसांत बाटली काळी पडते. जंतू किती, हे ती सांगत नाही आणि कधी कधी मातीतल्या निरुपद्रवी जीवाणूंनीही फसते. तरी काळी पडलेली बाटली पाहिली की घरातलं माणूस पाणी झाकायला लागतं, आणि माझ्या मते हा उपयोग आकड्याहून कमी नाही.

पाणी कुठं तपासायचं, हा प्रश्न जागतिक मोजणीतही येतो. संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांच्या काळात (2000 ते 2015) फक्त उद्भवाचा प्रकार मोजत, म्हणजे पाणी नळाचं की उघड्या विहिरीचं, एवढंच. त्या मोजणीनुसार पाण्याचं लक्ष्य 2010 मध्येच गाठलं गेलं! 2015 च्या शाश्वत विकास उद्दिष्टांनी व्याख्या कडक केली: पाणी घराच्या आवारात, हवं तेव्हा आणि प्रदूषणमुक्त. या कसोटीवर 2022 मध्ये जगातले 220 कोटी लोक वंचित ठरले. युनिसेफच्या घरोघरच्या पाहणीत आता उद्भवावरच्या नमुन्याबरोबर घरातलाही नमुना घेतात. त्यासाठी विचारतात, 'तुमच्या घरात नेहमी पितात ते पाणी पेलाभर द्याल का?'