कागद कापत जा, बेरीज एकच

अप्पा बळवंत चौकातून ए-४ कागदाचं रीम आपण सहज उचलून आणतो. पण २१० बाय २९७ मिलिमीटर हे असलं अडनिडं माप का? कागदांचं हे कुटुंब ए-० पासून सुरू होतं आणि त्याचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर धरलेलं असतं. तो मधोमध कापला की ए-१ मिळतो, ए-१ कापला की ए-२. लांबी रुंदीच्या २ च्या वर्गमूळाइतकी, म्हणजे साधारण १.४१४ पट ठेवली, तरच अर्धा केलेला कागद मूळ कागदाच्याच प्रमाणात राहतो. म्हणून तर ए-३ पानाची ए-४ वर झेरॉक्स काढताना ७१ टक्के ठेवलं की काम होतं. जर्मनीत १९२२ मध्ये हे प्रमाण ठरलं.

क्षेत्रफळं १/२, १/४, १/८, १/१६ अशी उतरतात. मागच्या पदाला दर वेळी त्याच संख्येने गुणलं की पुढचं पद मिळतं, ही भूमितीय श्रेढी. ती संख्या म्हणजे सामान्य गुणोत्तर; इथे १/२.

आता ए-० घ्या आणि निम्मा कापून बाजूला ठेवा. उरलेल्याचा पुन्हा निम्मा. चार वेळा कापल्यावर बाजूला ए-१, ए-२, ए-३, ए-४ असतात आणि हातात आणखी एक ए-४. म्हणजे चार पदांची बेरीज १ वजा १/१६. हातातला तुकडा नेहमी शेवटी कापलेल्या तुकड्याएवढाच असतो! सूत्र पाठ करण्याआधी प्रत्येक मुलाने हे कात्री घेऊन करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं. पदं संपत नाहीत, पण बेरीज १ ओलांडत नाही आणि उरलेला तुकडा हवा तितका लहान करता येतो. म्हणून अनंत पदांची बेरीज बरोबर १. सूत्रही तेच सांगतं: पहिलं पद भागिले (१ वजा गुणोत्तर). मात्र गुणोत्तर उणे १ आणि १ यांच्या दरम्यान हवं.

ते २ असेल तर? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि मग महिनाभर रोज दुप्पट. तिसाव्या दिवशीच्या कवड्या होतात १,०७,३७,४१,८२४. आधीच्या २९ दिवसांची सगळी बेरीज याहून फक्त दोनने कमी! एकूण २,१४,७४,८३,६४६ कवड्या. त्या काळच्या नाण्यांत १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि वर ६ कवड्या.