जेफरसन, सॅली हेमिंग्ज आणि ‘भाच्याची’ कथा

सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीची मुलं तिचा मालक आणि अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याची नव्हेत, त्याच्या भाच्यांची, असं जेफरसनची नातवंडं सांगत. एकानं पीटर कारचं नाव घेतलं, दुसरीनं सॅम्युअल कारचं. ही कथा 1998 च्या डीएनए चाचणीत कोसळली.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. जेफरसनचा पत्नीपासून झालेला मुलगा जगला नव्हता, म्हणून त्याचे काका फील्ड जेफरसन यांच्या पुरुष वंशजांचे नमुने घेतले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचं गुणसूत्र त्यांच्याशी जुळलं, कार घराण्याशी नाही.

‘मग भाऊ रँडॉल्फ असेल’ हा आक्षेप उरतोच. एकटी डीएनए चाचणी भावाभावांत फरक करू शकत नाही. निर्णायक ठरतात तारखा. 1795 ते 1808 दरम्यान सॅलीला मुलं झाली आणि प्रत्येक गर्भधारणेच्या काळात जेफरसन माँटिचेलोत, म्हणजे सॅली राहत असलेल्या आपल्या मळ्यावर, होता, एरवी तो महिनोन्‌महिने बाहेर असे. रँडॉल्फबद्दल असा पुरावा नाही.

शिवाय सॅलीची जगलेली चारही मुलं मुक्त झाली: बेव्हर्ली आणि हॅरिएट 1822 च्या सुमारास निघून गेली, कुणी पाठलाग केला नाही, मॅडिसन आणि एस्टनची सुटका जेफरसनच्या 1826 च्या मृत्युपत्रात आहे. त्यात सॅलीचं नाव नाही, हे मात्र विसरू नये.