रणगाड्यांच्या चाकोऱ्या आणि आरव्हीचा मुक्काम

लॉस एंजेलिसकडून इंटरस्टेट १० धरून पूर्वेला निघालं की इंडिओनंतर साधारण ५० किलोमीटरवर चिरिआको समिट लागतं. पेट्रोल पंप, खाण्याची सोय आणि अंगणात रणगाडे मांडलेलं जनरल पॅटन स्मारक संग्रहालय, एवढाच काय तो पसारा. बाकी चहूकडे वाळवंट. थंडीच्या महिन्यांत मात्र या टापूतल्या सरकारी जमिनीवर जागोजागी आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या, उभ्या दिसतात. वीज नाही, नळ नाही, भाडंही नाही. अशी एवढी मोकळी जमीन सरकारच्या हातात राहिली कशी, आणि तिथे उतरताना काय सांभाळायचं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर १९४२च्या वसंतात सापडतं.

त्या वर्षी उत्तर आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलची सरशी चालली होती. अमेरिकी सैन्याला वाळवंटी लढाईचा अनुभव नव्हता, म्हणून मार्चमध्ये जनरल जॉर्ज पॅटनला सरावासाठी जागा शोधायला पाठवलं. पॅटन मूळचा दक्षिण कॅलिफोर्नियाचाच, सॅन गॅब्रिएलचा. विमानातून आणि जमिनीवरून पाहणी करून त्याने जी जागा निवडली, तिच्या निवडीत तीन गोष्टींचं वजन होतं. मुलखातून रेल्वेमार्ग जात होते, त्यामुळे रणगाडे आणणं शक्य होतं. कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजेलिसकडे नेणारा जलमार्ग नुकताच पुरा झाला होता, म्हणजे छावण्यांना पाण्याचा आधार होता. आणि जमीन बहुतांशी केंद्र सरकारचीच होती, कारण पाण्यावाचून तिथे वस्ती करायला कुणी धजावलं नव्हतं. एप्रिलच्या अखेरीस ‘डेझर्ट ट्रेनिंग सेंटर’ सुरू झालं. मुख्य छावणी कॅम्प यंग, शेव्हर्स समिटजवळ. जोसेफ चिरिआको यांचं दुकान १९३३पासून याच खिंडीत होतं. आज खिंडीला त्यांचंच नाव आहे.

त्याच जूनमध्ये लिबियातलं टोब्रुक, ब्रिटिशांच्या हातातलं बंदर, पडलं. २० तारखेला रोमेलने आग्नेय बाजूने तटबंदी फोडली. तिथे ११व्या हिंदी ब्रिगेडमधली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. दुसऱ्या दिवशी सबंध ठाण्याने शरणागती पत्करली. कॅलिफोर्नियातला सराव नुसता कागदी नव्हता, तो या पराभवांच्या सावलीत चालला होता. पॅटन स्वतः जेमतेम चार महिने तिथे होता. जुलैअखेर तो मोरोक्कोच्या मोहिमेच्या तयारीला गेला. संग्रहालयापासून नकाशापर्यंत सगळीकडे त्याचंच नाव असलं, तरी केंद्र पुढचे एकवीस महिने इतरांनी चालवलं.

केंद्र कॅलिफोर्नियातून ॲरिझोनात पसरत गेलं. क्षेत्रफळ १८,००० चौरस मैल, म्हणजे अख्ख्या कोकण विभागाच्या दीडपट. यंग, कॉक्सकोम, आयर्न माउंटन, ग्रॅनाइट, क्लिपर, आयबिस, पायलट नॉब या छावण्या कॅलिफोर्नियात; बाउस, हॉर्न, हायडर, लगूना ॲरिझोनात. १३ पायदळ आणि ७ चिलखती डिव्हिजन इथून तयार होऊन गेल्या. एकूण सैनिक सुमारे १० लाख. बाउसला तर रात्री झगझगीत झोत टाकणाऱ्या रणगाड्यांचा गुप्त सराव चाले. मे १९४३मध्ये ट्युनिशिया पडलं आणि वाळवंटी सरावाची निकड संपली. ऑक्टोबरमध्ये नाव बदलून ‘कॅलिफोर्निया-ॲरिझोना मॅन्यूव्हर एरिया’ केलं, एप्रिल १९४४च्या अखेरीस केंद्र बंद झालं. तंबू उठले. जमीन पुन्हा तशीच ओसाड पडली.

१९४६मध्ये ग्रेझिंग सर्व्हिस आणि जनरल लँड ऑफिस एकत्र करून ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, स्थापन झाला. १९७६च्या कायद्याने सरकारी जमीन विकत-वाटत सुटण्याचं धोरण संपलं आणि या वाळवंटाला वेगळं संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. पुढे २०१६मध्ये मोहावी ट्रेल्स आणि जानेवारी २०२५मध्ये चकवाला ही राष्ट्रीय स्मारकं, म्हणजे संरक्षित भूभाग, जाहीर झाली. जुन्या छावण्यांच्या बऱ्याच खुणा आता त्यांच्या हद्दींत येतात. नियम स्मारकागणिक बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी पाम स्प्रिंग्सच्या बीएलएम कचेरीत चौकशी केलेली बरी.

मुक्कामाचा मूळ नियम सोपा. २८ दिवसांत एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस. मग किमान २५ मैल दूर सरकायचं. शेजारच्या वळणावर गाडी नेऊन लावली तर ते सरकणं धरत नाहीत. सबंध हिवाळा काढणाऱ्यांसाठी १९८३मध्ये दीर्घ मुक्कामाची क्षेत्रं आखली गेली. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा त्यांचा हंगाम, आणि तिथे परवाना घ्यावा लागतो. त्यांतलं एक पायलट नॉब, जुन्या छावणीच्याच नावाचं. स्लॅब सिटी या आरव्हीवाल्यांच्या फुकट वस्तीची गल्लत मात्र इथे करू नये. तिथले काँक्रीटचे चौथरे मरीन दलाच्या कॅम्प डनलॅपचे आहेत आणि ती जमीन बीएलएमची नाही.

आता खरा मुद्दा, जमिनीचा. या वाळवंटाचं मोठं क्षेत्र वाळूचं नाही. वर खडीचा जेमतेम एका दगडाच्या जाडीचा थर बसलेला असतो, वर्षानुवर्षांच्या लेपाने काळपट झालेला. खाली भुसभुशीत, हवेची भोकं असलेली बारीक माती. वजनदार वाहन गेलं की खडी दबते, खालची माती ठोकून घट्ट होते आणि पावसाचं पाणी मुरायचं थांबतं. मग तिथे झुडूप धरत नाही. पाऊसच वर्षाला मूठभर, त्यामुळे भरून निघायला दशकं, कधी शतकं लागतात. १९४२च्या चाकोऱ्या आज उघड्या डोळ्यांनी दिसतात त्या यामुळे. अर्थात दिसेल ती चाकोरी पॅटनची, हाही भ्रम आहे. मे १९६४मध्ये ‘डेझर्ट स्ट्राइक’ नावाचा, जवळपास १ लाख माणसांचा सराव याच मुलखात झाला. ठसा मोजून अंदाज बांधता येतो: १९४२च्या एम-३ मध्यम रणगाड्याचा पट्टा साधारण ४२ सेंटिमीटर रुंद, नंतरच्या एम-४८चा ७१.

म्हणून आरव्ही लावायची ती आधीच उघडी, कडक झालेली जागा पाहून. रस्ता सोडून किती आत जाता येईल यालाही मर्यादा आहे. सर्वसाधारण क्षेत्रात ३०० फूट, संवेदनशील क्षेत्रात त्याहून बरीच कमी, आणि विल्डरनेसच्या, म्हणजे कायद्याने राखून ठेवलेल्या रानाच्या, हद्दीत चाक घालायचंच नाही. दगडांच्या सरळ ओळी दिसल्या की थांबावं. सैनिकांनी तंबूंच्या गल्ल्यांच्या कडेला त्या रचल्या आहेत. आयर्न माउंटनला दगडी वेदी आणि मुलखाचा उठावाचा नकाशाही शिल्लक आहे. कॉटनवुड स्प्रिंग्ज रोडच्या बाजूला, जिथे आरव्हींची गर्दी असते, तिथून कॅम्प यंगची जमीन अगदी हाकेच्या अंतरावर आहे. चुलीसाठी दगड गोळा करताना नेमक्या याच ओळी उचलल्या जातात. चूल किंवा गॅस स्टोव्ह पेटवायला कॅलिफोर्नियाचा फुकट कॅम्पफायर परवाना लागतो, तोही अनेकांना माहीत नसतो.

रुतण्याचं प्रकरण वेगळं. ती भानगड होते कोरड्या ओढ्यात. तिथली वाळू मऊ असते आणि लांब गाडी वळवायला जागा नसते. आधी खाली उतरून चालत जाऊन पाहावं. टाच खोल जात असेल तर तिथे आठ-दहा टनांची गाडी तरणार नाही. टायरमधली हवा कमी करून बाहेर पडता येतं, पण पुन्हा भरायला कॉम्प्रेसर नसेल तर ती कमी केलेली हवा डांबरी रस्त्यावर टायर तापवून फोडते. जुलै ते सप्टेंबरमध्ये दूरच्या डोंगरावर पडलेला पाऊस स्वच्छ उन्हात ओढ्यातून लोंढा होऊन येतो. सपाट, सावलीची जागा म्हणून ओढ्यात मुक्काम टाकणारे नेमके इथेच फसतात.

पाण्याचा हिशोब पॅटनच्या छावण्यांइतकाच काटेकोर हवा. पिण्यासाठी माणशी दिवसाला किमान ४ लिटर वेगळे. वापराचं पाणी काटकसरीने दोघांना २० ते २५ लिटर, म्हणजे १५० लिटरची टाकी आठवडाही धड पुरत नाही. त्याआधीच सांडपाण्याची टाकी भरते. ती जमिनीवर सोडायची नसते, मैल्याच्या टाकीसारखीच डंप स्टेशनवर, म्हणजे त्यासाठी ठरवलेल्या जागी, रिकामी करायची. विजेत फसगत होते ती हीटरमुळे. दिव्यांचा हिशोब सगळे करतात, पण हीटरचा पंखा साधारण ७ अँपिअर ओढतो. रात्री सहा तास फिरला तर ४२ अँपिअर-तास गेले, आणि १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निर्धोक वापरायचे ५०च असतात. जानेवारीच्या रात्री पारा शून्याजवळ उतरतो, सौर पॅनेलला तर सकाळी नऊपर्यंत काही देता येत नाही.

राहता राहिलं धातूचं. गंजके डबे, काटेरी तार, काडतुसांच्या पुंगळ्या अजून सापडतात, क्वचित न फुटलेला गोळाही. अशा वस्तूला हात लावायचा नाही, आल्या पावली मागे फिरायचं, जागा लक्षात ठेवून ९११ या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचं. आणि पुंगळ्या खिशात घालण्याबद्दल: १९७९चा पुरातत्त्व कायदा १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो, या छावण्या ती मर्यादा २०४२मध्ये गाठतील, तोवर मोकळं रान, असा युक्तिवाद करणारे भेटतात. तो टिकत नाही, कारण सरकारी जमिनीवरच्या ऐतिहासिक वस्तू उचलायला बीएलएमचे नियम आजच मनाई करतात.