बेसिक्स कार्ड आणि कॅशलेस डेबिट कार्ड: कुलूप कुठे लावलंय ते बघा

ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम मूळनिवासी वस्त्यांबद्दलच्या सरकारी धोरणावर वाद सुरू झाला की या दोन कार्डांची हमखास गल्लत होते. दोन्हींत सरकारी भत्त्याचा काही भाग रोख मिळत नाही आणि बहुतेकांवर कार्ड लादलेलं असतं. साम्य तिथेच संपतं.

बेसिक्स कार्डाचं मूळ नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातल्या 2007 च्या 'इंटरव्हेन्शन'मध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या तातडीच्या हस्तक्षेपात आहे. तेव्हा 73 वस्त्यांना सरसकट नियम लावता यावेत म्हणून 1975 चा वंशभेदविरोधी कायदाच बाजूला ठेवला गेला. इथे साधारण 50 टक्के भत्ता अडकतो. भत्ते देणारी सरकारी यंत्रणा सेंटरलिंक त्यातून घरभाड्यासारखे खर्च परस्पर भागवतं आणि उरलेले पैसे कार्डावर टाकतं. कार्ड चालतं ते फक्त मंजूर दुकानांत. दारू, तंबाखू, अश्लील साहित्य आणि जुगार यांवर बंदी असते, आणि ती पाळायची गल्ल्यावरच्या माणसाने. गावात मंजूर दुकान एकच असेल, तर भाव परवडो न परवडो, खरेदी तिथेच. कार्ड नाकारलं जातं ते बहुधा बंदीमुळे नाही, शिल्लक कमी पडल्यामुळे.

कॅशलेस डेबिट कार्ड 2016 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातलं सेडूना आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातलं ईस्ट किंबर्ली इथे आलं. तिथे 80 टक्के रक्कम अडकायची. हे कार्ड इंड्यू कंपनीचं आणि व्हिसाच्या जाळ्यावरचं, म्हणून ते जवळपास कुठेही चालायचं. दारूची दुकानं आणि जुगाराचे अड्डे तेवढे यंत्रणाच अडवायची. सिगारेट मात्र खुशाल घेता यायची! अडचण व्हायची ती किराणा आणि दारू एकाच गल्ल्यावर विकणाऱ्या दुकानांत. शिवाय जुनी गाडी किंवा बाजारातली किरकोळ खरेदी अशा रोखीच्या व्यवहारांना हातात 20 टक्केच उरायचे.

म्हणून एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. 2014 चं मूल्यमापन नॉर्दर्न टेरिटरीतल्या भत्ता-नियंत्रणाचं होतं. सक्तीच्या नियंत्रणातून ठरवलेली उद्दिष्टं साधल्याचा ठोस पुरावा त्यात मिळाला नाही. कॅशलेस कार्डाबाबत 2018 मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी वेगळंच बोट ठेवलं: देखरेख आणि मूल्यमापनच इतकं अपुरं होतं की सामाजिक हानी घटली का, हे सांगणं कठीण. दारू कमी झाल्याचे जे आकडे मिरवले गेले, त्यांचा मोठा आधार लोकांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं हाच होता.

कॅशलेस कार्ड मार्च 2023 मध्ये बंद झालं. त्याच वेळी आलेलं स्मार्टकार्ड व्हिसावर चालतं, पण तंबाखूबंदी बेसिक्स कार्डासारखीच आहे. त्यामुळे त्याला जुन्या दोन्हींपैकी एकाचेही आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.